उसाच्या फडातला कॅमेरा आणि त्याची राखण



या पानावर मी एरवी बेणे, खत, पाणी आणि पाचट यांच्यावर लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण उसाच्या बांधाबाहेरचा नाही. बिबट्याचा ठावठिकाणा लागावा म्हणून बांधावर जे कॅमेरे बांधले जातात, ते चोरीला जातात. त्याबद्दल लिहायचे आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला कॅमेऱ्याशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. गेल्या हंगामापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

गेल्या गळीत हंगामात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या एका गटात ८६०३२ च्या आडसाली उसाला तोड आली होती. चार एकरांचा फड. दीड एकर तुटला असेल-नसेल, तोच सकाळी अकराच्या सुमारास टोळीतल्या एका बाईला सरीमध्ये पाचटाच्या गादीवर मांजराएवढी दोन पिल्ले दिसली. ठिपक्यांची. बाईने आरडाओरडा केला नाही. कोयता खाली ठेवला आणि हाताने मागच्यांना थांबवले. पाच मिनिटांत सारी टोळी पोराबाळांसह रस्त्यावर आली. चिटबॉयने मला फोन केला, मी वनखात्याला केला.

वनखात्याची माणसे आली, बरोबर प्राण्यांचे डॉक्टर होते. पिल्ले धडधाकट निघाली. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांच्या पट्ट्यात ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. फडात पिल्ले सापडली की ती तपासून, संध्याकाळ झाली की सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात. रात्री मादी येते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. ती आली की नाही हे कळायला समोर कॅमेरा लावतात, कारण माणूस जवळ थांबला तर मादी फिरकतच नाही. मादीने पिल्ले नेली नाहीत तर पुन्हा दुसऱ्या रात्री ठेवायची, तरीही नेली नाहीत तर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात पाठवायची. म्हणजे पुढचे सगळे त्या कॅमेऱ्यावर अवलंबून.

आम्ही बांधावरच्या बाभळीला पट्ट्याने कॅमेरा बांधला, प्लास्टिकचे खोके सरीत ठेवले आणि निघून आलो. सकाळी जाऊन बघतो तर खोके पालथे, पिल्ले नाहीत आणि कॅमेराही नाही. बाभळीच्या बुंध्याशी कापलेला पट्टा तेवढा लोंबत होता.

आता सांगा, पिल्ले कुणी नेली? मादीने, कुत्र्यांनी की माणसाने? कॅमेरा नेणारा हात पिल्लांनाही लागला नसेल कशावरून? मुकादम बीडकडचा, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "सायेब, वाघिणीनं नेली असली तर आम्ही आजच आत शिरतो. पन माणसानं नेली असली तर ती रातच्याला पिल्लं हुडकीत फिरनार. आमच्या कोप्या तिच्या वाटंवर हायेत. लेकरं उघड्यावर झोपत्यात." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. टोळी बसून राहिली. अडीच एकर ऊस उभा, तोडलेला वाळत पडलेला, ट्रॅक्टर रिकामे. टोळीची मजुरी टनावर असते, बसल्या दिवसाचे कुणी काही देत नाही. ते सगळे आपण जाणताच.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली, ती इथे लिहून टाकतो. गावातल्या चौघांनी कुजबूज सुरू केली की बाहेरची माणसे आहेत, त्यांनीच लांबवला असणार. मला ते पटले. खरे म्हणजे पटवून घेणे सोपे होते. चिटबॉयला आणि त्या चौघांना घेऊन मी कोप्यांवर गेलो आणि ट्रंका उघडायला लावल्या. एका बाईने तर निजलेल्या पोराच्या अंगाखालची गोधडीसुद्धा उचलून दाखवली. काही सापडले नाही. ही झडती घ्यायला मला वनखात्याने सांगितले नव्हते, पोलिसांनीही नव्हते. मुकादम तिथेच उभा होता, एक शब्द बोलला नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळात सभा घेतली. वनरक्षक, पोलीसपाटील, सोसायटीचे चेअरमन, शिवाय मुकादमालाही मुद्दाम बोलावले. त्या सभेत कॅमेऱ्याची जी माहिती दिली ती इथेही देतो, कारण हे यंत्र काय आहे हे ठाऊक नसणे हेच त्याच्या चोरीचे एक मोठे कारण आहे, असे माझे मत झाले आहे.

हा कॅमेरा सारखा चालू नसतो. अंगाची ऊब असलेले काही समोरून हलले की त्याला जाणीव होते आणि तो फोटो घेतो. रात्री तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो काढतो. काही जातींच्या कॅमेऱ्यांत त्या वेळी बारीक लाल ठिपके उमटतात, विडी पेटल्यासारखे. काहींत तेवढेही दिसत नाही. फोटो आतल्या कार्डावर साठतात आणि प्रत्येकावर तारीख-वेळ असते. काही कॅमेऱ्यांत सिमकार्ड असते, ते फोटो थेट मोबाईलवर धाडतात. पण ते महाग पडतात आणि ओढ्याकाठच्या खोलगट रानात रेंज मिळेलच असे नाही.

जनावरांनी स्वतःच आपला फोटो काढून घ्यावा ही कल्पना जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानच्या जंगलात वाटेवर तार ताणून, तिला वाघाचा पाय लागला की उजेड पडून फोटो निघेल अशी जोडणी केली होती. त्याचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. पुढे १९९० च्या दशकात कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ यांनी पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या काढली. २०१८ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लावले होते. त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७ फोटो मिळाले.

आपल्याला जवळचे उदाहरण अकोले तालुक्याचे. तिथल्या बागायती भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून जो अभ्यास केला तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस त्यांना आढळले. जंगल नाही, हरीण नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांची वस्ती, आणि त्यात हे सारे चुपचाप राहत होते. पुढे विष्ठेच्या तपासणीतून असेही दिसले की तिथल्या बिबट्यांचे मुख्य खाणे म्हणजे गावातली कुत्री. आडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा असतो. आडोसा आहे, पाटाला पाणी आहे, शेजारी कुत्री आणि शेळ्या आहेत. मादीला पिल्ले घालायला याहून चांगली जागा कुठली? आपणच ती तयार केली आहे, असे म्हटले तरी चालेल.

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या अंगठ्यासारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. एकाच बिबट्याची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते, म्हणून ओळख पटवायची तर वाटेच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर कॅमेरे लावतात. कोणता बिबट्या कुठे वावरतो हे कळले नाही तर पिंजऱ्यात भलताच अडकतो, आणि ज्याने माणसावर हल्ला केला तो मोकळाच राहतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात माणसे दगावली, त्यात लहान मुलेही होती. तेव्हाचा लोकांचा संताप आपण पाहिला आहे. अशा वेळी एक कॅमेरा कमी असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

सभेत हे सगळे झाल्यावर मागून कुणीतरी विचारले, "अन् माणसांचे फोटो निघत्यात त्यांचं काय करता?"

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात देहधर्मासाठी गेलेल्या एका बाईचा फोटो अशाच कॅमेऱ्यात निघाला आणि तो गावातल्या लोकांच्या मोबाईलवर फिरला. चिडलेल्या गावकऱ्यांनी मग कॅमेरे फोडून टाकले. त्यांना चोर कसे म्हणायचे? आपल्याकडेही पहाटे बाया उसाच्या आडोशाला जातात. वनरक्षकाने तिथल्या तिथे कबूल केले की कार्ड उघडताना पोलीसपाटील आणि गावातली एक बाई समोर असेल, आणि माणसांचे फोटो त्यांच्यादेखत पुसले जातील. मी एवढीच भर घातली की कॅमेरा परत मिळाला तर कोणी आणला हे विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी गट ऑफिसच्या दारात युरियाची एक गोणी होती. आत कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात कार्ड जसेच्या तसे.

कार्ड लॅपटॉपला लावले तेव्हा मुकादमाला मी शेजारी बसवून घेतले होते. रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी मादी सरीच्या तोंडाशी उभी. ९ वाजून ५१ मिनिटांनी खोके कलते केलेले, तोंडात पिल्लू. १० वाजून २८ मिनिटांनी ती परत आली आणि दुसरे घेऊन गेली. मुकादमाने तो फोटो दोनदा मागे घ्यायला लावला. मग बराच वेळ काही नाही. एक मुंगूस, एक मांजर. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी बॅटरीचा झोत, त्यानंतर गमबूट, आणि शेवटच्या फोटोत एक विळा आणि मनगटात बांधलेला काळा दोरा. टोळीतल्या कुणाच्याच पायात गमबूट नसतात.

तो माणूस आठवड्याभराने स्वतः भेटला. आपलाच सभासद. नाव सांगायचे कारण नाही. म्हणाला, "साहेब, रात्रपाळीची लाईट होती, पाण्यावर चाललो होतो. बाभळीवर लाल दिवे दिसले. मला वाटलं आकडे धरायला वीजवाल्यांनी बसवलाय." त्याच बांधावरून त्याचा आकडा जात होता. चार दिवस कॅमेरा कडब्याच्या गंजीत ठेवला होता. विकायची हिंमत झाली नाही आणि परत द्यायची वाट सापडली नाही. मी त्याला रागावलो नाही. झडतीच्या वेळी माझ्याबरोबर आलेल्या चौघांत तोही होता, हे मात्र मी त्याला बोलून दाखवले.

तेव्हापासून मी या बाबतीत जरा चौकशी करत आलो. आज मिळणारे हे कॅमेरे मुळात अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी बनू लागले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. तिकडे हंगामात परवाना काढून शिकार चालते. शिकारी आधीपासून रानात झाडांना कॅमेरे बांधून ठेवतात, कोणते हरीण कोणत्या वाटेने जाते ते पाहतात, आणि त्यांचीही हीच रड की कॅमेरे चोरीला जातात. म्हणून तिथे कॅमेऱ्याबरोबर पोलादी खोकी आणि कुलूप लावायचे तारदोर विकले जातात. काही जण शिडीने चढून दहा फुटांवर कॅमेरा बांधतात आणि तोंड खाली कलते ठेवतात, कारण चालणारा माणूस सहसा वर बघत नाही. (ॲरिझोना राज्याने तर २०२२ पासून शिकारीसाठी हे कॅमेरे वापरायलाच बंदी घातली, जनावराला काही संधीच उरत नाही म्हणून.)

ही उंचीची युक्ती आपल्याला अर्धीच उपयोगी पडते. बिबट्याचे कुशीवरचे ठिपके स्पष्ट यायचे तर कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटरवर हवा. म्हणजे नेमका चोराच्या हाताशी. पण फक्त मादी आली की नाही एवढेच पाहायचे असेल तेव्हा तो बाभळीच्या फांदीत, पुरुषाच्या हाताच्या वर बांधायला हरकत नाही. पिल्लांच्या खोक्यासाठी आता तसेच करायचे ठरले आहे.

खालच्या कॅमेऱ्यासाठी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली. पुढे भिंग, दिवे आणि ऊब ओळखणारा डोळा यांच्यापुरतीच भोके, वर पावसाला छोटी पागोळी, आणि कुलपाचा कोयंडा आतल्या बाजूला, म्हणजे पहार घालायला जागा राहत नाही. पहिल्या पेटीत भोक बारीक झाले आणि निम्मे फोटो पत्र्याच्या कडेचे निघाले. ते आधी कागद कापून बघायला हवे होते. बांधावर धड झाड नसेल तर लोखंडी अँगल दोन फूट पुरून काँक्रीट भरतो आणि पेटी त्याला बोल्टने जखडतो. विजेच्या खांबाला मात्र कोणी कॅमेरा बांधू नये, जीव जाईल. आणि एवढे करूनही, ज्याच्याकडे कटर आहे आणि रात्रभर वेळ आहे त्याला काही अडवता येत नाही. पेटीने वेळ जातो आणि आवाज होतो, इतकेच.

त्यापेक्षा कॅमेरा नजरेलाच पडू नये हे बरे. बहुतेक वेळा कॅमेऱ्याची जागा आपणच दाखवून देतो. रोज जाऊन पाहिले की गवतात पायवाट पडते, आणि ती थेट बाभळीपाशी नेऊन सोडते. म्हणून बघायला जायचे तर पाणी पाजायच्या किंवा जनावरे चारायच्या नेहमीच्या वाटेने, दुपारच्या वेळी, आणि शेवटची दहा पावले बांधाच्या दगडांवरून. पेटीला मातकट रंग द्यावा. समोरची उसाची पाने आणि गवत काढावे, नाही तर दुपारच्या उन्हात तापलेले पान वाऱ्याने हलले तरी फोटो निघत राहतो आणि दोन दिवसांत कार्ड भरते. पण काढलेला पाला समोर ढीग करून ठेवू नये, वाटसरूची नजर आधी तिकडेच जाते. लाल दिवे न दिसणारा कॅमेरा मिळत असेल तर तोच मागून घ्यावा. त्या पहाटे तसा असता, तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो.

समोरासमोर लावलेल्या दोन कॅमेऱ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे एकाला हात घालणारा दुसऱ्यात दिसतो. कॅमेऱ्याला सांकेतिक अंक घालून ठेवता येतो, म्हणजे चोरून नेला तरी उघडत नाही. पण हे चोराला आधी कळले पाहिजे, म्हणून पेटीवर मराठीत लिहून लावावे. आमच्या पेटीवर असे लिहिले आहे: 'हा कॅमेरा बिबट्यासाठी आहे. वीज, पाणी, वाळू यांच्याशी याचा संबंध नाही. अंक घातल्याशिवाय चालत नाही.' वाचून लोक हसतात. हसले की कॅमेरा जागच्या जागी राहतो, असा आतापर्यंतचा अनुभव आहे. कॅमेऱ्यावरचा कारखानदाराचा नंबर गट ऑफिसच्या रजिस्टरला लिहून ठेवतो. तो नसेल तर सापडलेला कॅमेरा आपलाच, हे पोलिसांपुढे सिद्ध करणे अवघड जाते.

कायद्याचेही थोडे सांगतो. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागते, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाच हजारांच्या आतली वस्तू असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू परत केली असेल तर समाजसेवेची शिक्षा आहे. पण वनखात्याचे कॅमेरे बहुधा त्याहून महाग असतात. फडात पिल्ले सापडली तर हात न लावता तोड थांबवावी, माणसे बाहेर काढावीत आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोबाईलवर फोटो काढत पिल्लांभोवती गर्दी करू नये. मादी त्याच फडात, कधी कधी वीस हातांवर असते.

या हंगामात तीच टोळी त्याच गटात उतरली आहे. यायची नाही असे मला वाटले होते. मुकादम पहिल्याच दिवशी गट ऑफिसला आला आणि कोप्यांच्या मागे ओढ्याच्या बाजूला एक कॅमेरा लावून द्या म्हणाला. झडतीचा विषय त्याने काढला नाही. मीच काढला आणि माफी मागितली. तो नुसता "बरं बरं" म्हणाला. वनखात्याने कॅमेरा दिला, अँगल पुरताना काँक्रीट कालवायला टोळीतली दोन पोरे होती. कुलपाला दोन किल्ल्या आहेत. एक वनरक्षकाकडे असते, दुसरी मुकादमाकडे.

— ऊस विकास अधिकारी